अमेरिकेत एमडी (तिकडची डॉक्टर व्हायची पदवी, बॅचलर्सनंतरची) करायचंय, तर आधी बॅचलर्सला बायोइंजिनिअरिंग घ्यावं का?

घ्या, पण इंजिनिअरिंग खरंच आवडत असेल तरच, कारण तिकडची मेडिकल कॉलेजं मेजर (बॅचलर्सचा मुख्य विषय) कुठला ते धरून बसत नाहीत, बायो, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स लॅबसकट झालंय का आणि जीपीए (ग्रेडची सरासरी), एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) किती ते बघतात. खरी गोम जीपीएत आहे. एएमसीएएसच्या, म्हणजे बहुतेक एमडी कॉलेजांसाठीच्या सामाईक अर्जात सायन्सचा जीपीए वेगळा काढतात आणि त्यात बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स एवढंच धरतात, इंजिनिअरिंगचे कोर्स साधारणपणे नाहीत, म्हणजे सर्किट्समध्ये सी आला तर एकूण जीपीए खाली येणार आणि रात्री जागून ए काढला तरी सायन्सच्या जीपीएला फायदा शून्य! एमकॅटला सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा अख्खा सेक्शन असतो, एखादं इलेक्टिव्ह त्यासाठी ठेवा. फक्त भारतातून एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) जाणार असाल तर हे आधी तपासा: बरीच मेडिकल कॉलेजं ग्रीन कार्ड नसलेल्यांचा अर्ज घेतच नाहीत, मग मेजर कुठलाही असो.