गाडीने एका रात्रीच्या कॅम्पिंगला जातोय. चांगली स्लीपिंग बॅग आहे, तरी खाली मॅट लागेल का?

हो, मॅट घ्याच. बॅग कितीही जाड असली तरी खालून येणारी थंडी ती अडवत नाही. बॅगेतलं भरण अंगाखाली दाबलं जातं, त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते. मॅटवर आर-व्हॅल्यू (मॅट ऊब किती रोखून धरते त्याचा आकडा, जास्त म्हणजे जास्त उबदार) छापलेली असते: उन्हाळ्यात 2 च्या आसपास पुरते, पारा शून्याजवळ जाणार असेल तर 4 किंवा जास्त हवी. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते, आणि गाडी असताना दुसरी न्यायला अडचण ती काय? मात्र फुगवायची साधी गादी एकटी वापरू नका. आतली हवा खेळती राहते आणि पाठ गार पडते. तिच्यावर फोमची मॅट अंथरा.

बाकी सामान:
- तंबू, आणि त्याच्या तळापेक्षा थोडी लहान ताडपत्री (कड बाहेर राहिली तर पावसाचं पाणी तिच्यावरून थेट तंबूखाली येतं)
- प्रत्येकाला हेडलॅम्प
- माणशी दिवसाला 4 लिटर पाणी

तंबू डिकीत सगळ्यात शेवटी ठेवा, पोचल्यावर पहिला तोच लागतो.