आजीवर लिहिण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

वर्षश्राद्धाला आजीवर आठ पानांची पुस्तिका काढणार आहेस, तिचा मसुदा वाचला. मायाळू, कष्टाळू, सोशिक हे शब्द पानोपानी आहेत. ते खरेच असतील, पण वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही आजीला ते लागू पडतात. तुझी आजी त्यांत दिसत नाही. ती दिसायची तर आधी माहिती गोळा कर. आणि माणसांपासून सुरुवात कर. कागद थांबतील, तिच्या बरोबरीच्या बायका थांबणार नाहीत.

म्हसवडच्या मावशीआजीकडे आधी जा, आणि एकटी जा. मुलगा-सून समोर असले की त्या वयाच्या बायका ‘सगळं चांगलं हुतं’ एवढंच सांगतात. फोन विमान मोडवर टाक, घडी घातलेल्या टॉवेलवर तिच्यापासून हातभर अंतरावर ठेव आणि पंखा बंद कर. म्हातारा आवाज घरघरीत बुडतो, तो नंतर नीट वर काढता येत नाही. सुरुवातीला तारीख, गाव आणि तिचं नाव तू स्वतः बोल. पाऊणएक तासाच्या वर बसवू नकोस. हवं तर पुन्हा जा.

‘आजी कशी होती?’ हा प्रश्न फुकट जातो. पाणी कुठून आणायचात? वऱ्हाड कशातून गेलं? लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली ती किती दिवस राहिली? कुठल्या कामाचा तिला कंटाळा होता? हा शेवटचा प्रश्न तर सोडूच नकोस. त्यावर माणूस आधी हसतं आणि मग मोकळं बोलतं. ओव्या हव्या असतील तर जात्यापाशी बसव, मूठभर जोंधळे घाल आणि खुंटा तिच्या हातात दे. ओवी हाताच्या फेऱ्याबरोबर येते. नुसतं ‘म्हण की’ म्हटलं तर दुसऱ्याच ओळीला अडते.

सालं कुणाला आठवणार नाहीत. त्यासाठी खुणा वापर. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. ‘तेव्हा कडेवर कोण होतं?’ एवढ्यावरून त्या मुलाचं वय काढता येतं. 1972 चा दुष्काळ, तेव्हाची खडी फोडायची कामं आणि तेव्हा खायला वाटली जायची ती सुकडी ही दुसरी खूण. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर ती जन्मतारीख पक्की धरू नकोस. नाव घालताना ती अंदाजानं लिहायची रीतच होती. आजीचं नाव शाळेच्या रजिस्टरात माहेरच्या नावानं शोध, लग्नात बदललेल्या नावानं ते सापडणार नाही. थोरल्या आत्यांच्या जुन्या कागदावर ‘दक्षिण सातारा’ दिसलं तर तेही चूक समजू नकोस. 1949 साली वाळव्याचा भाग साताऱ्यातून निघून त्या नावाच्या जिल्ह्यात गेला आणि 1960 साली त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. आजीचं माहेर माण तालुक्यातलं, ते साताऱ्यातच राहिलं.

2019 च्या पुरात भिजलेल्या ट्रंकेतले फोटो ओढून सुटे करू नकोस. आधी आहेत तसे मोबाइलवर टिपून घे. काचेला चिकटलेला फोटो काचेतूनच टिप. ओढलास तर चेहऱ्याचा थर काचेवर राहतो. एकमेकांना चिकटलेले जुने स्टुडिओ-फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवले तर कधी कधी आपोआप सुटतात, पण पहिला प्रयोग कमी महत्त्वाच्या फोटोवर कर. वाळवायचे ते सावलीत, चेहरा वर करून. हातानं रंगवलेले आणि घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो पाण्यात घालायचेच नाहीत, रंग वाहून जातो. चांगले फोटो 600 डीपीआयला स्कॅन कर, पासपोर्टएवढे असतील तर 1200 ला.

तिच्या चटणीचं प्रमाण लिहिताना ‘एक अधोली’ एवढंच लिहून भागणार नाही. अधोली म्हणजे दोन शेर, पायलीच्या निम्मी, पण ते माप आकारमानाचं आहे. मिरची, धने, खोबरं त्यात वेगवेगळ्या वजनाचं बसतं. तिचंच भांडं घे, एकेक जिन्नस भरून काट्यावर तोल आणि ग्रॅममध्ये लिही.

आता सगळ्यांत अवघड काम. आत्यांनी पाहिलेली आई आणि तू पाहिलेली आजी यांचा मेळ बसणार नाही. त्यांना दुष्काळातली, अर्ध्या भाकरीवर भागवणारी, हात उगारणारी तरुण बाई आठवेल. तुला मांडीवर निजवणारी. दोन्ही छाप. आत्या म्हणतील, ‘हे कशाला?’ त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहून आधी त्यांना वाचून दाखव, त्यांनी होकार दिला तरच ठेव. पण तुझ्या आठवणीनं त्यांची आठवण गुळगुळीत करू नकोस. त्यांची आई त्यांना जशी दिसली तशी सांगायचा हक्क त्यांचा आहे.

मावशीआजीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. उजवीकडे बस, आणि जाताना तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत आजीच्या फोटोमागची नावं लिहून ने. चुकलेली ती लगेच सांगेल.

तुझा,
काका