इंग्लिश घेतलंय, पण वर्गात सहाच पोरं!

प्रश्न: ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या कॉलेजात बीए सेकंड इयरला आहे, स्पेशल इंग्लिश. वर्गात आम्ही सहाच जण, नोट्स गाईडमधून उतरवायच्या, अन् मला तर लिहायचंय. संभाजीनगरला जाऊ का?

उत्तर: अगं, सहाच जण म्हणजे भारीच की! मोठ्या कॉलेजात सरांना तुझं नावसुद्धा माहीत नसतं, इथं तू लिहिलेलं पान घेऊन स्टाफरूममध्ये गेलीस तर कोण नाही म्हणणारे, फक्त 'तपासून द्या' म्हणू नको, वाचताना कुठं कंटाळा आला तिथं पेन्सिलीनं खूण करा म्हणावं. गाईड परीक्षेपुरतं ठेव (लागतंच ते, खोटं कशाला बोलू). शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला, कॉपीराईटची भानगडच नाही, प्रोजेक्ट गुटेनबर्ग नावाच्या वेबसाईटवर त्याची सगळी नाटकं फुकट आहेत, मोबाईलवर घे अन् सहाजणांत पात्रं वाटून मोठ्यानं वाचा, नुसतं डोळ्यांनी वाचून नाटक कळत नसतंय. आणि मराठीतही लिही. भालचंद्र नेमाडे इंग्रजी शिकवायचे, मराठवाडा विद्यापीठातसुद्धा, पण कादंबऱ्या मराठीतच लिहिल्या. एमएला संभाजीनगर नाहीतर नांदेड आहेच, आत्ता मध्येच कॉलेज बदललं तर टीसी, क्रेडिट अन् रूमभाडं यातच वर्ष जाईल.