रेममधला मशीन कोड दुसऱ्या स्पेक्ट्रमवर का अडतो

विश्रामबागेत तुमच्या घरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमवर (ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक) रेममध्ये, म्हणजे बेसिकच्या शेऱ्याच्या ओळीत, मशीन कोड ठेवलेला प्रोग्रॅम झकास चालतो आणि साताऱ्याच्या मित्राकडे तीच टेप लोड केली की मशीन हँग होतं, असं तुम्ही म्हणताय. टेपला दोष देऊ नका. मित्राच्या स्पेक्ट्रमला इंटरफेस १ (मायक्रोड्राइव्ह वगैरे जोडायचं जोडयंत्र) जोडलाय असं तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, गोम तिथंच आहे.

साध्या ४८के मशीनवर बेसिक प्रोग्रॅम मेमरीत २३७५५ या पत्त्यापासून सुरू होतो. ओळ क्रमांकाचे दोन बाइट, लांबीचे दोन, रेमचा एक. म्हणून कोड २३७६० वर. इंटरफेस १ कामाला लागला की स्वतःची सिस्टिम व्हेरिएबल्स (मशीनच्या कामाच्या नोंदी) मध्ये घुसवतो आणि अख्खा प्रोग्रॅम ५८ बाइट पुढे सरकतो. तुमचा यूएसआर (बेसिकमधून मशीन कोड चालवणारा शब्द) मात्र २३७६० वरच उडी मारतो. तेव्हा पत्ता ठोकून लिहायचाच नाही. प्रोग्रॅम कुठं सुरू होतो ते मशीन २३६३५ आणि २३६३६ मध्ये लिहून ठेवतं, आणि पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा बाइट वाचणं; म्हणून पत्ता पीक २३६३५ + २५६ * पीक २३६३६ + ५ असा दर वेळी काढायचा.

रेममधलं रुटीन (मशीन कोडचा तुकडा) तुम्ही छान बेतलंय: ३३, ०, ८८, १७, १, ८८, १, २५५, २, ५४, ४८, २३७, १७६, २०१. चौदा बाइटांत स्क्रीनच्या ७६८ चौकटी पिवळ्या. आत स्वतःच्याच पत्त्यावर जाणारा जेपी किंवा कॉल (ठरावीक पत्त्यावर उडी मारणाऱ्या आज्ञा) नाही, त्यामुळे ते कुठंही चालेल. उद्या लूप घातलात तर जेआर वापरा, तो आहे तिथून मोजून मागेपुढे उडी मारतो.

लिस्ट देऊन प्रोग्रॅम पडद्यावर आणल्यावर रेमची ओळ मध्येच निळी होते, तो बिघाड नव्हे. १७ म्हणजे पेपरचा (अक्षरामागच्या रंगाचा) कंट्रोल कोड, पुढचा १ म्हणजे निळा! शेवटच्या तीन बाइटांचं बेसिकच्या खुणांसारखं गोसब, व्हॅल आणि <> दिसतं. दिसू द्या, पण ती ओळ एडिटला घेऊन एंटर मारू नका, बाइट बिघडतील. काढलेल्या पत्त्यातून ४ वजा करून तिथं ० पोक केलंत (तो बाइट लिहिलात) की ओळ शून्य क्रमांकाची होते, मग चुकून हातही लागत नाही.

क्लिअर ३२७६७ करून, म्हणजे बेसिकला त्या पत्त्याखाली रोखून, कोड वर ठेवावा का? एवढ्याशा रुटीनसाठी नको. रेममधला कोड बेसिकबरोबर एकाच फाइलमध्ये सेव्ह होतो. मोठा किंवा वेगाला नाजूक कोड असेल तर जरूर ठेवा. ३२७६८ च्या खालची मेमरी यूएलए (चित्र काढणारी चिप) स्क्रीन काढताना वापरतो आणि झेड८० ला (प्रोसेसरला) थांबवतो, वर ती अडचण नाही. फक्त तो ब्लॉक वेगळा सेव्ह करावा लागतो, आणि १६के मशीनवर तिथं मेमरीच नसते.