सात दिवस काम करून दाखवतो, असं म्हण

प्रिय बाळा,

तिसरी मुलाखतही हुकल्याचं तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. "सर, त्याईनं इचारलं तुह्यात कमी काय हाये, त थो एकेक करून सगळंच सांगत बसला." आवाज पार पडला होता त्यांचा.

तू खोटं बोलला नाहीस, याचा मला आनंदच आहे. पण मुलाखतीत हा प्रश्न विचारतात तेव्हा पूर्ण यादी नको असते. एकच अडचण सांगायची आणि तिच्यावर तू काय उपाय करतोस ते सांगायचं. "गोंगाटात तोंडी सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून मी वहीत लिहून घेतो." एवढं बोलून थांबायचं. "स्वतःबद्दल सांगा" म्हणजे शिक्षण आणि येणारं काम, चार वाक्यांत. बाकीच्यांना हे न सांगता कळतं, तुला ॲस्पर्जर, म्हणजे स्वमग्नतेचा एक प्रकार, आहे म्हणून कुणीतरी उलगडून सांगावं लागतं. ते आधी सांगायचं राहिलं ही चूक माझी.

आता मागच्या हंगामातली गोष्ट आठव. कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी आपण उभे होतो आणि तू काटापट्ट्या, म्हणजे वजनाच्या पावत्या, चाळत होतास. एकाच ट्रॉलीचं रिकामं वजन सकाळपेक्षा दुपारी 60 किलो जास्त होतं. तू क्षणभर काट्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "भरली गाडी मोजताना ड्रायव्हर खाली उतरला होता, रिकामी मोजताना वर बसून होता." भरल्या वजनातून रिकामं वजा करतात, म्हणजे शेतकऱ्याचा 60 किलो कापूस गेला. 2024-25 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. त्या हिशेबाने साडेचार हजार. पट्टी दुरुस्त झाली तेव्हा त्या म्हाताऱ्याने तुझे दोन्ही हात धरले, आणि तू ते हळूच सोडवून घेतलेस. ज्यांनी तुला मुलाखतीत नाकारलं, त्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही.

त्याच दिवशी आत सरकी काढणाऱ्या रेच्यांजवळ पाच मिनिटं थांबलास आणि कान दाबून बाहेर आलास. तेही तितकंच खरं धर. जिनिंगच्या आतलं काम तुझं नाही, काट्याच्या केबिनमधलं आहे. तिथे दार लागतं, एका वेळी एकच गाडी येते, दर गाडीला तीच पद्धत. दालमिलचा गोदामसाठा, बाजार समितीतल्या नोंदी, हीही तशीच कामं. सेवा केंद्राच्या खिडकीवर मात्र बसू नकोस, तिथे चार जण एकदम बोलतात.

म्हणून यापुढे मालकाला सांग, सात दिवस काम करून दाखवतो. फुकट नाही, रोजी घेऊन. काय करायचं, कुणाला विचारायचं आणि सुट्टी कधी, हे पहिल्याच दिवशी कागदावर मागून घे.

ॲस्पर्जर हा शब्द सगळ्यांना सांगायची गरज नाही. मालकाला आणि ज्याच्या हाताखाली काम करशील त्याला सांग, तेही गरजेच्या भाषेत: "मी डोळ्यांत पाहत नसलो तरी ऐकत असतो. काम बदललं तर आधी सांगा." आपल्याकडे अशा पोराला घुमा म्हणतात, हेकट म्हणतात. मीही म्हटलंय. आयटीआयमध्ये एक मुलगा एकच जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, दिवसभर घासायचा, माप तंतोतंत जुळल्याशिवाय सोडायचा नाही. हट्टी म्हणून मी त्याला वर्कशॉपबाहेर काढलं. त्याची खंत मला अजून आहे.

सरकारी नोकरीची वाटही सोडू नकोस, पण तिला कागद लागतो. 2013 पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत ॲस्पर्जर वेगळं धरत नाहीत, ते ऑटिझममध्येच येतं. त्यामुळे प्रमाणपत्रावर ऑटिझम किंवा स्वमग्नता असं दिसलं तर घाबरू नकोस, निदान बदललेलं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात हा आहे. सरकारी पदांतल्या 4 टक्के आरक्षणात 1 टक्का ज्या गटाला आहे, त्यात स्वमग्नता येते. मात्र प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. तिथे आईला सोबत ने, लहानपणाचं तिलाच विचारतील. टक्के कमी आले तर आरक्षण मिळणार नाही. काट्यावरच्या कामाला त्याने काही फरक पडत नाही.

वेचणीच्या सुरुवातीची सीतादहीची पूजा झाली, कापसाच्या गाड्या लागायला लागल्या. मी जिनिंगच्या मालकांशी बोललो आहे. मंगळवारी सकाळी 11 वाजता ते फाटकाजवळच्या ऑफिसात भेटतील. तू साडेदहाला एसटी स्टँडवर उतर, मी पाण्याच्या टाकीपाशी उभा असेन. ऑफिसात तीन माणसं असतील: मालक, मुनीम आणि काटेवाला. पंधरा मिनिटांच्या वर लागणार नाहीत. मी शेजारी बसेन, पण बोलायचं तू. ती काटापट्ट्यांची वही घेऊन ये.

तुझा,
सर