करार ३ वर्षांचा, मालकाने १४ महिन्यांतच गाळ्याची वीज तोडली, काय करावं?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या तुमच्या दुकानाची वीज तोडून मालकाने 'महिनाअखेर गाळा रिकामा करा' म्हणणं म्हणजे सरळसरळ दमदाटी आहे. आधी एकच बघा: कागदावर 'भाडेकरार' लिहिलंय की 'लिव्ह अँड लायसन्स' (म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी)? सोलापुरात बरेच जण दुसऱ्यालाच भाडेकरार म्हणतात आणि तिथेच फसतात, कारण लायसन्सवाल्याचे हक्क बरेच तोकडे असतात.

खरा भाडेकरार असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २९ तुमच्या कामाचं. वीज, पाणी पुरेशा कारणाशिवाय तोडता येत नाही. दिवाणी न्यायालयात अर्ज केला की ते पूर्ववत करण्याचा आदेश मिळू शकतो. (दुकान १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या रकमेच्या) कंपनीच्या नावावर असेल तर हा कायदा लागू नाही.) करार नोंदवलेला नाही म्हणून घाबरू नका. कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाचीच.

भाडं मात्र एक दिवसही थकवू नका. घेत नसेल तर मनीऑर्डर करा, पावती जपा. रागाच्या भरात भाडं थांबवलं की मालकाला आयतंच कोलीत मिळतं. उद्याच वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. कुलूप ठोकून बाहेर काढलंच, तर ताब्याचा दावा ६ महिन्यांच्या आत लावा.