मायकेल कॅरिक नुसते आडवे पास देणारा ओव्हररेटेड खेळाडू होता का? सेंट्रल मिडफिल्डरने त्याच्याकडून काय शिकावं?

प्रश्नात तू लिहिलंयस की तू १७ वर्षांचा आहेस, मधल्या फळीत खेळतोस आणि कोच सारखा ओरडतो, "आडवा नको, पुढे दे." कोचचं नंतर बघू. आधी 'ओव्हररेटेड'चा हिशेब, कारण हा वाद मी २००६ पासून घालतोय.

वॉल्सेंडचा हा इंग्लिश मिडफिल्डर, वेस्ट हॅम, टॉटनहॅम, मग मँचेस्टर युनायटेडला रॉय कीनचा १६ नंबर, पाच लीग विजेतेपदं आणि २००८ची चॅम्पियन्स लीग हे सगळं तुला पाठ असणारच. पण इंग्लंडकडून त्याचे सामने किती? ३४. त्याच फळीतल्या जेरार्डचे ११४, लॅम्पार्डचे १०६. विश्वचषक आणि युरो धरून कॅरिक मैदानात उतरला तो एकाच सामन्यात, २००६ला श्टुटगार्टमध्ये इक्वेडोरविरुद्ध. इंग्लंडने तो १-०ने जिंकला आणि पुढच्या पोर्तुगालच्या सामन्यात हा परत बाकावर. ज्याला भावच मिळाला नाही तो ओव्हररेटेड कसा? जेरार्ड आणि लॅम्पार्ड दोघांनाही पुढे धावायचं असताना मागे थांबणारा माणूस बाहेर बसवणं हा शुद्ध आडमुठेपणा होता.

आता १० एप्रिल २००७, ओल्ड ट्रॅफर्ड. चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, दोन सामन्यांतली पहिली लेग रोमाकडे युनायटेड २-१ने हरलेलं, त्यात लाल कार्ड मिळाल्याने स्कोल्स बाहेर. मध्ये कॅरिक आणि फ्लेचर. समोर रोमाचा टोट्टी, नावाला स्ट्रायकर, पण बॉल घ्यायला खाली येणारा. हा प्रकार त्रासदायक असतो. सेंटर बॅक त्याच्या मागे गेला तर पाठीमागे भगदाड पडतं, मिडफिल्डर त्याला चिकटला तर मध्ये पडतं. उपाय असा की माणसाला चिकटायचं नाही, त्याच्याकडे येणाऱ्या पासच्या वाटेत उभं राहायचं. दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, बस. टीव्हीवर हे दिसतच नाही, कारण पास दिलाच जात नाही. लोकांना आठवतात ते गोल. ११व्या मिनिटाला बॉक्सबाहेरून गोलकीपर डोनीच्या डोक्यावरून अलगद सोडलेला आणि ६०व्या मिनिटाला लांबून कोपऱ्यात ठोकलेला. युनायटेड ७-१ने जिंकलं. आडवे पास देणाऱ्याचे दोन गोल!

डिसेंबर २००९ला वोल्फ्सबुर्गमध्ये बचावपटू जायबंदी होते, तेव्हा त्याला फ्लेचर आणि एव्राच्या जोडीला थेट बचावात खेळवलं. स्ट्रायकर ओवेनची हॅटट्रिक झाली, सामना ३-१ जिंकला. वेग नसलेला माणूस तिथे टिकतो तो उभं कुठे राहायचं ते कळतं म्हणूनच.

आता आडवा पास. राइट बॅककडे १५ मीटरचा पास द्यायचाय असं धर. तो त्याच्या टचलाइनकडच्या पायावर गेला तर पहिल्याच टचला तो पुढे तोंड करून निघतो. आतल्या पायावर किंवा जरा मागे गेला तर त्याला समोरच्या संघाच्या गोलकडे पाठ करावी लागते, विंगर अंगावर येतो आणि बॉल गोलकीपरकडे परत. दोन्ही पास आडवेच आणि आकडेवारीत दोन्ही 'पूर्ण'. जोरही महत्त्वाचा. शेवटचे दोन मीटर बॉल रांगत गेला की बॉल हिसकावायला धावून येणारा पोचलाच म्हणून समज.

हे जमण्यासाठी बॉल येण्याआधी मागे बघावं लागतं. सराव असा कर: दोन जण ३० मीटरवर समोरासमोर, तू मधोमध. तिसरा तुझ्या पाठीमागे पाच मीटरवर, त्याने मनात येईल तेव्हा अंगावर यायचं किंवा थांबायचं. एकदा पास सुटण्याआधी खांद्यावरून बघ, एकदा बॉल वाटेत असताना. तो आला तर एका टचमध्ये परत, नाही आला तर अंग अर्धं वळवून मागच्या (देणाऱ्यापासून लांबच्या) पायावर घे आणि दुसऱ्या बाजूला दे. दोन मिनिटं काम, एक मिनिट आराम, असे सहा राऊंड. बहुतेक पोरं एकदाच आणि फार लवकर बघतात. बॉल पायात येईपर्यंत चित्र शिळं झालेलं असतं. दुसरी चूक म्हणजे देणाऱ्याकडे छाती सरळ ठेवून उभं राहायचं. मग पाय फक्त परत देण्यापुरतेच उघडे राहतात.

एक कबुली द्यायला हवी. दोघांच्या मधल्या फळीत समोर तिघे आले की कॅरिक उघडा पडायचा आणि मोकळ्या जागेत पळणाऱ्याला पकडणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. २००९ला रोममध्ये बार्सिलोनाविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलला फ्लेचर निलंबित होता. दहाव्या मिनिटाला इनिएस्टा मधून सुटला, पास एटोला, युनायटेडच्या व्हिडिचला चकवून फटका, कॅरिकची स्लाइड उशिरा, आणि गोल. त्या सामन्यानंतर सुमारे दोन वर्षं आपण नैराश्यात होतो असं पुढे त्याने स्वतःच सांगितलं. युनायटेडसाठी ४६४ सामन्यांत २४ गोल हा आकडाही काही दांडगा नाही.

तुझ्या कोचचं म्हणजे, तो नेमक्या कोणत्या पासवर ओरडतो ते मला इथून दिसत नाही. एखाद्या मित्राला टचलाइनवरून सामन्याचं शूटिंग करायला सांग आणि तुझा प्रत्येक आडवा पास फुलबॅकच्या (राइट किंवा लेफ्ट बॅक) कोणत्या पायावर गेला ते मोज. निम्म्याहून जास्त आतल्या पायावर निघाले तर कोच बरोबर आहे.